फाटकावरचा शर्ट

४ मार्च २०२५, मंगळवार
मी, शरच्चंद्र नारायण उत्तरवार, वाणिज्य पदवीधर, फुलसावंगीच्या हळद प्रक्रिया केंद्राचा व्यवस्थापक. आमचे सांडपाणी शुद्ध होईपर्यंत जे घडेल, ते जसेच्या तसे येथे नोंदवणार आहे.

सकाळी फाटकावर शाळेचा शर्ट टांगलेला! मूळचा पांढरा, आता पिवळा, आणि साबण लागला तेथे लाल. आमच्या नाल्यावर कपडे धुणाऱ्या लालीबाईने नातवाचा शर्ट मुद्दामच लटकवला होता. "लेकरू शायेत जाते का लग्नाच्या हयदीले? पानी साफ करा सायेब, नाहीतर ग्रामसभेत कुलूपच मागतो!"

हळद उकळलेले पाणी आम्हीच नाल्यात सोडतो.

६ मार्च, गुरुवार
आमची रसायनतज्ज्ञ निकिता हिने उपाय मांडला — पाण्यात थोडे आम्ल, उत्प्रेरक म्हणून लोहाचा क्षार, मग हायड्रोजन पेरॉक्साइड. त्याने रंग व सेंद्रिय घाण नष्ट होते; शेवटी चुना घालून आम्लता काढायची.

टाकीतले पाणी नितळ दिसले. मी मोठ्या समाधानाने म्हटले, "टाका चुना." — आणि सारी टाकी लालभडक! टाकीवरचा गोपाल ओरडला, "सायेब, कुंकू झालं! आता साऱ्या तालुक्याचे लग्न लावा!"

हळद शिल्लक होती; साबणासारखेच चुन्यानेही तिला लाल करून उघडी पाडली. मलाही हसू आवरेना. पाणी मात्र सोडू दिले नाही.

७ मार्च
पेरॉक्साइड एकदम ओतल्याने वाया जात असेल काय?

८ मार्च, शनिवार
विचारले एकदाचे — हप्त्याहप्त्याने घातले तर? निकिता खळखळून हसली. "काका, तुम्हाला रसायनातही हप्तेच दिसतात! पण बरोबर आहे. घाई माझीच झाली."

आज थोडे थोडे घातले. मग चुना. आम्ही तिघेही टाकीवर वाकलेलो. लोहाचा तांबूस गाळ हळूहळू तळाशी बसला, आणि वर — निव्वळ पाणी! लाल छटासुद्धा नाही!

गोपाल म्हणाला, "सायेब, लग्न मोडलं!"

एखादे लग्न मोडल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. निकिताने सर्व तपासण्या केल्या, मगच पाणी नाल्यात सोडले.

११ मार्च, मंगळवार
फाटकावर पुन्हा शर्ट! जवळ गेलो. ओला, साबणाचा वास, पांढराशुभ्र. पलीकडे लालीबाई उरलेले कपडे झटकत होती.

"भेऊ नका सायेब. तुमच्या फाटकावर ऊन चांगलं येते. वाळू घातला."

शरच्चंद्र नारायण उत्तरवार
फुलसावंगी, ११ मार्च २०२५