वाळूची जीप

जव्हार, ता. ७ जानेवारी २०२५

चि. जयश्रीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

मी खुशाल आहे. तुझा आजा पुंजा मात्र खुशाल नाही. वीटभट्टीचा धूर जन्मभर खाल्ला, तो छातीत बसलाय. दवाखान्यात तोंडाला हवेचं मशीन लावलंय, स्टिरॉइडची सुई चालू आहे. काल डोकरा निळा होता, आज काळा झाला, म्हणजे आपल्या रंगावर आला! माझी नाचणीची भाकर कावळ्याने नेली, मेल्याने चटणी ठेवली.

पण सुईने डोकऱ्याची साखर चढली. त्याचा भाऊ वाळू म्हणतो, दुकानातल्या गोळ्यांनी शेजारच्या सोम्याचं तोंड सुजलं, ते हेच औषध. मरायचंच तर गावी पोशेऱ्यात, आपल्या घरी मरू दे, परवा जीप आणतो. मी तुला फोन करीन म्हणून मोबाइलही घेऊन गेला. म्हणून हे पत्र नाशिकच्या कंडक्टरकडे देते. तू नर्सिंग शिकतेस. न्यायचं का, ते विचारत नाही. मी नेऊ देणार नाही. भांडायला चार गोष्टी कळव.

तुझी आजी सोमी

नाशिक, ता. ८ जानेवारी २०२५

ती. आजीस शि. सा. नमस्कार.

आमच्या मॅडमना विचारलं. औषध त्याच जातीचं, पण सोम्याकाका कोणाला न विचारता महिनोन्महिने खात होता. इथे थोडेच दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली. त्याने श्वासनळ्यांची सूज उतरते. साखर चढली तर इन्सुलिनने आवरतात. आजा वाचेलच, असं कोणी सांगणार नाही. पण आत्ता मशीन काढून घाटातून नेलं तर वाटेतच जाईल. वाळूआजाला हे सांग, आणि शिव्या कमी दे.

तुझ्या मायेची भुकेली,
जयश्री

जव्हार, ता. ११ जानेवारी २०२५

चि. जयश्रीस दोघांचे आशीर्वाद. हो, दोघांचे!

शिव्या कमीच दिल्या. जीप आली, मागे गोधडी पसरून. वाळू म्हणाला, वैनी, माझ्या भावाला परक्यात मारतेस का? मी म्हटलं, साखर उतरवायला इथे सुई आहे, श्वास चढवायला तुझ्या जीपमध्ये काय आहे, हॉर्न? बायका हसल्या. तो चिडून आत निघाला, तर मी दारातच फतकल मारली. बाहेर टीना उभी होती, दवाखान्यातून घरी सोडलेली ओली बाळंतीण, आपल्याच वाटेच्या मोखाड्याच्या गाडीची वाट बघत. तिला बसल्या जागेवरून हाक मारली, जा गं, बाळाला घेऊन गोधडीवर बस, गाडी तुझ्यासाठीच आलीय. बाळंतिणीला उतर म्हणायची वाळूची छाती झाली नाही. गेली जीप!

आज मशीन काढलं. डोकरा पेज प्याला आणि रुसला. म्हणतो, घरची जीप आली होती, मला का नाही नेलं? मी सांगितलं, ती झोपवून नेणारी होती. तू एसटीत खिडकीशी बसून जाशील.

आमचा जीव तुझ्यावर आहेच, तुझाही आमच्यावर राहू दे.

तुझी आजी सोमी