कोरडा दोर

प्रिय भिमाआत्या,

माझ्या प्रोग्रॅममधली ती ओळ आत्ताच बदलली. तपासणी पुन्हा लावायच्या आधी तुला लिहायला बसलो, कारण माझा फोन तू उचलत नाहीस.

पाणी सोसायटीनं विहिरी मोजायचं तुझं काम काढून घेतलं त्याला आज नऊ दिवस झाले. दोर आता बद्रीनाथ सोडतो असं कळलं. दोर किती हात खाली गेला ते त्याला मोजता येत नाही म्हणून दोराला गाठी मारल्यात म्हणे.

तू फोनमध्ये भरलेल्या मापावरून माझा प्रोग्रॅम टँकरची यादी करायचा. पाणी कमी, तिथं टँकर आधी. दिवाळीत तू विचारलं होतंस, "दोर कोरडा आला तर काय लिहू रं? शून्य म्हंजी तळाला वल तरी आसंल. हितं वल बी न्हाई." मला हसू आलं. तू म्हणालीस, "हस. इंजनेर झालास, कधी विहिरीत उतरलास का?"

प्रोग्रॅम चालवण्याआधी एक तपासनीस तो वाचतो. तोही प्रोग्रॅमच. संख्येच्या जागी नाव गेलं की बोट ठेवतो. पण तो विहिरीत डोकावत नाही. आपण लिहून दिलेलं खरं धरतो. मी प्रोग्रॅममध्ये वर लिहिलं होतं, माप ही नेहमी संख्या असते. खाली लिहिलं होतं, माप रिकामं आलं तर त्या वस्तीला पहिला टँकर. दोन्ही वाचून त्यानं ठरवलं की माप रिकामं येणारच नाही, म्हणून खालच्या ओळींपर्यंत कुणी पोचणार नाही. जिथं कुणी पोचत नाही तिथं तो तपासत नाही. चूक म्हणत नाही, बरोबरही म्हणत नाही. अशा जागा दाखव असं त्याला वेगळं सांगता येतं. मी सांगितलं नव्हतं.

त्याच ओळींत टँकरच्या नंबराच्या जागी मी वस्तीचं नाव घातलं होतं. खालच्या वस्तीची विहीर आटली, फोनमधली तुझी मापाची चौकट रिकामी आली, आणि प्रोग्रॅम ती वस्ती गाळून बाकीची यादी करत राहिला. चार दिवस टँकर गेला नाही. तरणी माणसं ऊसतोडीला. म्हाताऱ्यांनी पाटोद्याच्या रस्त्यावरच्या हापशावरून पाणी ओढलं. वच्छलाबाई वाटेत पडली, मनगट मोडलं.

मघाशी लिहिता लिहिता उठलो, तपासणी लावली. वर आता 'संख्या किंवा रिकामं' असं आहे. तपासनिसानं क्षणात ती चूक दाखवली. दुरुस्त केली.

तुझं काम गेलं त्या दिवशी सोसायटीचे सचिव अर्जुनराव यांचा मला फोन आला होता. चूक प्रोग्रॅमची का बाईची, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तपासणीत एकही चूक निघालेली नाही. ते खरं होतं. मग ते म्हणाले, "तर बाईनं चौकट रिकामी कावून सोडली?" मी काही बोललो नाही. रिकामी सोड, असं दिवाळीत मीच तुला सांगितलं होतं. आज ते अर्जुनरावांना लेखी कळवलं आहे. तुला आधी सांगायला हवं होतं.

तुझाच
भारत

ता. क. पत्र काल टाकायचं राहिलं. आज सकाळी सातला यादी निघाली, खालची वस्ती पहिली. टँकर पावणेनऊला पोचला. दोर अजूनही बद्रीनाथनंच सोडला.