हातोडेवाल्याच्या हाती छत्री

चिरंजीव धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. आधी आशीर्वाद घे, कारण पुढे काय येईल याचा मला भरवसा नाही. तुझी पाठ कशी आहे? वहिनीचा गुडघा कसा आहे? दोघांनी औषध वेळेवर घ्यायचं, एकमेकांचं घ्यायचं नाही (मागच्या वेळी तू तिचं मलम दातांना लावलंस, ते मी अजून लोकांना सांगते). मी बरी आहे. शिवणयंत्र बरं आहे. तुझी लेक पण बरी आहे, वजन थोडं वाढलंय, ते माझ्या हातचं आहे, तू बोलायचं काम नाही.

तुझं पत्र मिळालं. पोरीला एक तारखेला घरी पाठव, तुझ्या ओळखीच्या साहेबांच्या ऑफिसात जागा धरून ठेवलीय, खेळ पुरे झाले, असं तू लिहिलंस. फोन करणार होते, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि मी तुला बोलू देत नाही, मग दोघांचं काहीच होत नाही. म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षर सुईदोऱ्यासारखं जातं, तरी सगळं वाच. मधलं सोडलंस तर मला कळेल.

पहिलं म्हणजे ती खेळत नाही, ती खेळ बनवते. मलाही हा फरक कळायला आठ महिने लागले, तेव्हा तुला पत्र वाचता वाचता कळेल अशी माझी अपेक्षा नाही. माझ्या दुकानामागच्या खोलीत, जिथे पूर्वी कापडाचे गठ्ठे असायचे, तिथे आता तिघं बसतात. तुझी लेक, म्हणजे यंत्रानं काय करायचं ते लिहून देणारी. एक चित्रकार, चष्म्याच्या काचा बरणीच्या बुडासारख्या. आणि तिसरा आवाज बनवतो, त्याला आम्ही पिपाणी म्हणतो. (पिपाणीनं माझ्या शिवणयंत्राचा आवाज चोरून खेळातल्या आगगाडीला लावलाय. मी विचारलं, मला का नाही विचारलंस? तर म्हणतो, तुम्ही थांबता कुठे विचारायला.)

आता खेळ काय ते सांगते. पंचवीसएक वर्षांपूर्वी हातात मावणारं एक खेळायचं यंत्र निघालं होतं. साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं, काडेपेटीएवढी काच, रंग म्हणशील तर नुसते करड्याचे चार प्रकार. त्यावर दोन खेळ फार चालले. एका कंपनीचा हातोडेवाला, मिशाळ माणूस, भिंती फोडत जातो. दुसऱ्या कंपनीची छत्रीवाली, उंचावरून उडी मारते आणि छत्री उघडून तरंगत उतरते. त्या काळी एकाच्या घरचा दुसऱ्याच्या घरी जात नव्हता. आता दोन्ही कंपन्यांना वाटलं, जी मुलं तेव्हा खेळली ती आता कमावती झाली, तेव्हा दोघांना एकाच खेळात आणू, आणि तोही त्याच जुन्या यंत्रावर चालेल असा. तो बनवायचं काम आपल्या पोरीच्या हाती आलं, पण परीक्षेवर. पसंत पडला तर यंत्राच्या पाठीत खोचायच्या खेळाच्या वड्या बनणार आणि पुढचा खेळही यांनाच. नाही पडला तर दोन वर्षं पाण्यात, आणि ती तुझ्या साहेबांच्या ऑफिसात शिक्के मारणार.

काम सोपं असतं तर गोष्ट वेगळी. पण या दोन कंपन्या म्हणजे दोन रुसके व्याही. बारा पानी करार करून दिलाय. दोघांची उंची सारखी पाहिजे. झाकणावर दोघांचे चेहरे सारख्या मापाचे. कोणी कोणाला वाचवायचं नाही, कारण वाचलेला लहान दिसतो. आणि सगळ्यात मोठी अट, हातोडेवाल्यानं छत्रीला हात लावायचा नाही, छत्रीवालीनं हातोड्याला नाही. म्हणून यांनी अशी सोय केली की मधलं बारकं बटण दाबलं की एक आत जातो आणि दुसरी बाहेर येते. भिंत आली की तो, दरी आली की ती. एका स्वयंपाकघरातल्या दोन जावा, समोरासमोर यायचंच नाही.

चित्र काढायची पद्धत मात्र मला पटली. आठ घरं आडवी, आठ उभी, त्या चौकटीत जेवढं बसेल तेवढंच. सगळं भरतकामासारखं. चित्रकार तीन दिवस मिशीचं एक टोक बसवत होता. मी मागून म्हटलं, अरे, नाकाचा टाका काढ आणि मिशीला दे, नाक कोण बघतंय. त्यानं दिला. आता त्या माणसाला नाक नाही, आणि आजवर कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

मी खेळायला कशी लागले ते ऐक. हे तिघं तो खेळ हजार वेळा खेळलेले, डोळे मिटून पार करतात. त्यांना कधीच न खेळलेलं माणूस पाहिजे होतं. तुझी लेक काय म्हणाली माहितीये? "आत्या, तू खेळ. तुला जमलं तर कोणालाही जमेल." वळण सगळं तुझं आहे. मी हातातली कात्री ठेवली आणि बसले. पहिल्या पायरीवर तीन पावलं चालले की एक खड्डा. एकेचाळीस वेळा पडले. मी म्हटलं, हा खड्डा इथे ठेवलाच कशाला? झाकायला काय होतं?

"खड्डा नसेल तर उडी कशाला मारायची, आत्या?" चित्रकार म्हणाला.

"मग नको मारायला. माणसानं सरळ चालावं."

तिघंही वहीत लिहून घेतात मी काय बोलते ते. शिव्यासुद्धा. एवढं लक्ष देऊन तर कधी नवऱ्यानंही ऐकलं नव्हतं (देव त्याला सुखी ठेवो, जिथे असेल तिथे ऐकत नसणारच).

बेचाळिसाव्यांदा पडताना माझं डोकं फिरलं. मी सगळी बटणं एकदम दाबली, दोन अंगठ्यांनी, आणि सवयीनं खालून पायही दाबला, जणू शिवणयंत्राचा पायटाच आहे. आणि काय सांगू! तो मिशाळ हातोडेवाला पडता पडता थांबला, फाटकन छत्री उघडली, आणि हळूहळू तरंगत पलीकडच्या काठावर उतरला. मी ओरडले, जमलं! मागे वळून बघते तर तिघांचे चेहरे पांढरेफटक.

पोरीनं समजावलं. एक आत जातो आणि दुसरी बाहेर येते, त्यात पापणी लवेल एवढा वेळ असा असतो की दोघंही असतात आणि कोणीच नसतं. तेवढ्यात बटण दाबलं तर हत्यार भलत्याच्या हाती राहतं. पण दाबायचं कधी, तर खड्ड्यात पडताना. मी विचारलं, मग दोन वर्षांत तुम्हाला कसं दिसलं नाही? खाली मान घालून म्हणाली, "आत्या, आम्ही पडतच नाही गं." घे. हुशार माणसांचं हे असं असतं. खड्डा खणला यांनी, आणि आत काय आहे ते बघायला एकही उतरला नाही.

चार दिवसांनी, गुरुवारी, दोन्ही कंपन्यांची माणसं बघायला येणार होती. पोर चार दिवस ती चूक काढत होती. चूक काढली की अख्खा खेळ जागच्या जागी गोठायचा. ठेवली की करार मोडायचा. शेवटी ठरलं, खेळून ती स्वतःच दाखवेल, म्हणजे पडायचा प्रश्नच नाही, आणि मला सक्त ताकीद, यंत्राला हात लावायचा नाही. माझ्या घरात, मला.

गुरुवारी आले. हातोडेवाल्यांचा साहेब आणि छत्रीवाल्यांची मॅडम. माझ्या गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांवर बसले, मध्ये एक खुर्ची मोकळी सोडून. पोर खेळली. एकदाही चुकली नाही. सुईत दोरा ओवावा तशी खेळली. आणि ही दोघं कशी बघत होती, तर दुसऱ्याच्या मुलाच्या शाळेतलं भाषण ऐकावं तशी. साहेबानं दोनदा घड्याळ बघितलं. मॅडम म्हणाली, छान आहे, कळवू.

"कळवू" म्हणजे काय ते मला कळतं, धाकट्या. ब्लाउज घालून बघून बाई म्हणते, नंतर येऊन घेऊन जाते, तो ब्लाउज माझ्याकडे अजून टांगलेला असतो. पोरीचा चेहरा मी बघितला. लहानपणी तू तिची चित्रं न बघताच "हं हं, छान" म्हणायचास ना, तेव्हा व्हायचा तसाच. मग मला राहवलं नाही. मी तिच्या हातातलं यंत्र काढलं आणि साहेबाच्या हातात कोंबलं.

"तुम्ही खेळा," मी म्हटलं.

"मी? अहो, माझं काम करार बघायचं."

"तुमचाच माणूस आहे ना तो हातोडेवाला? मग चालवा."

पहिल्याच खड्ड्यात पडला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा टाय सैल केला. (मला मनातून फार बरं वाटलं. एवढ्या शिकलेल्या माणसाला माझ्यासारखंच पडता येतं.) चौथ्यांदा पडताना दात-ओठ खाऊन त्यानं सगळी बटणं एकदम दाबली. फाटकन छत्री उघडली. पोरीनं डोळे मिटून घेतले.

मग मॅडम म्हणाली, "ती छत्री आमची आहे."

साहेब हसत होता. आधी नाकातून, मग पोटातून. मिशाळ गडी छत्री धरून लाजल्यासारखा तरंगत होता आणि हा माणूस खुर्चीत मागेपुढे होत होता. मॅडमनं यंत्र ओढून घेतलं. तिला मी सांगितलं, पडा आणि दाबा. तिनं तिच्या छत्रीवालीच्या हाती हातोडा आणला. आता ती पोरगी एवढीशी, हातोडा एवढा मोठा, एक घाव घातला की ती स्वतःच गिरक्या घेत मागच्या भिंतीतून आरपार. हसून हसून मॅडमच्या डोळ्यांतून पाणी आलं. "हे मुद्दाम केलंय?" तिनं विचारलं. पोर "हो" म्हणेल असं मला वाटलं. पण ती तुझी लेक. म्हणाली, "नाही. चूक आहे. आम्ही कधी पडलोच नाही, म्हणून कळली नाही." असं सरळ सांगितलं बघ, आवाज न कापता.

साहेब म्हणाला, मग आता काढू नका. पुढचा तासभर दोघं मधल्या खुर्चीवर सरकून आता पाळी कोणाची यावर भांडत होते. चहा दोनदा निवला. जाताना करारातली ती अट खोडायची ठरली, पेन मिळेना, साहेबानं माझा कापडावरचा खडू उचलला. मी म्हटलं, खडू धुऊन निघतो, पेननंच खोडा. शोधून दिलं.

पण पक्कं असं झालेलं नाही. पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेला वरचे साहेब येणार. तोवर शेवटची पायरी पुरी व्हायला पाहिजे, आणि ती कॉम्प्युटरवर नाही, खऱ्या जुन्या यंत्रावर, हातात धरून खेळून दाखवायची. तेवढं झालं की झालं. तेव्हा तुझ्या ओळखीच्या साहेबांना सांग, पोर एक तारखेला येत नाही. अठरापर्यंत तिला बोलवायचं नाही, आणि फोनवर तो खोकणारा उदास आवाजही काढायचा नाही. नाहीच जमलं तर मी स्वतः तिला तुझ्याकडे आणून सोडते. पण जमेल. मी लोकांची मापं घेते, धाकट्या, माणूस कशात बसतं ते मला बघताच कळतं. ती त्या ऑफिसात बसणार नाही. शिवण उसवेल.

वहिनीला आशीर्वाद. गुडघ्याला शेक दे, मलम नको.

तुझी,
थोरली

ता. क. एक गोष्ट राहिली. ते जुनं यंत्र एकच होतं, आणि ते आता नाही. मला त्याची जरा सवय लागली होती. पोरीला दिसू नये म्हणून एका गिऱ्हाइकाच्या पँटच्या घडीत ठेवलं, आणि सकाळी तीच पँट इस्त्रीला घेतली. पँटला क्रीज छान आली. काच पापडासारखी वर आली. खेळाची वडी पोरीकडे होती, ती वाचली. तिघं सध्या कॉम्प्युटरवर शेवटच्या पायरीत गुंतलेत, मी दुरुस्तीला दिलंय म्हणून सांगितलं. दुरुस्तीवाला म्हणाला, बाई, हे आता होणं नाही, तुमची इस्त्री दुरुस्त करून देऊ का?

ता. क. दुसरा. तसलं यंत्र आता कुठे बनत नाही. पण पोरीच्या दहावीच्या वर्षी तू तिचं काढून घेतलं होतंस, आणि फेकून दिलं म्हणाला होतास. काल वहिनीशी बोलले. दर रविवारी पाण्याची टाकी बघायला म्हणून तू गच्चीवर जातोस ना, ती टाकी हातोडेवाल्याच्या खेळात आहे म्हणे. दीड दीड तास. तेव्हा हे पत्र मिळेल त्याच दिवशी यंत्र कापसात गुंडाळून पाठव. पोरीला मी काही बोललेले नाही. आठ दिवस बोलणारही नाही.

ता. क. तिसरा. बंद करण्याआधी तुझी पायरी कुठवर आली त्याचा काचेवर येणारा आकडा कागदावर उतरून ठेव, नाहीतर सगळं पहिल्यापासून. वहिनी म्हणते बारा वर्षं तू पाचव्या पायरीवरच्या खड्ड्यात पडतोयस. खरं असेल तर पार्सल नको, यंत्र घेऊन तूच ये. इथे सगळ्यांना खेळता येतं. आम्हाला पडणारी माणसं पाहिजेत.