‘भाऊ’ म्हणताना

प्रिय भाऊजी,

माझं अक्षर ओळखून पाकीट तसंच ठेवून द्याल, म्हणून पत्ता शेजारणीकडून लिहून घेतला आहे. देव एवढी लबाडी पोटात घालील.

ह्यांना आता नाटकात कामं मिळत नाहीत. पडल्याचं सोंग करायला जातात आणि खरंच पडतात. मागच्या आजारपणात दार वाजवलं ते एकट्या दिवेवाल्यांनी, म्हणजे नाटकात उजेडाचं बघतात ते. ते एका बंधुसभेत आहेत. तिथे सगळे एकमेकांना भाऊ म्हणतात, आजाऱ्याच्या उशाशी बसतात, गेलेल्याला खांदा देतात. ह्यांनी हट्टच धरला, मलाही घ्या. मी म्हटलं, म्हातारपणी हे काय नवीन खूळ? पण देव मानणाऱ्यालाच घेतात कळल्यावर मीच म्हटलं, जा. त्यांचे चिटणीस घर बघायला आले. बशीत चार बिस्किटं ठेवली होती. चारही संपवून म्हणाले, वहिनी, तुमची हरकत नाही ना? म्हटलं, आता काय उरलंय हरकत घ्यायला!

परवा प्रवेश होता. डोळ्यांना पट्टी बांधून सगळ्यांसमोर उभं करतात आणि विचारतात, कुणाशी अबोला आहे का? असला तर आधी तो मिटवायचा, मगच आत. नाही म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण हे खरं सांगायला गेले आणि ‘भाऊ’ शब्दावर जीभ अडली. भा, भा, करत राहिले. सोंग नव्हतं हो, दिवेवाले शपथेवर सांगतात. पण सभा खो खो हसली, टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं, नाटकातला तो अडखळणारा कारकूनच सुरू झाला. तुमचं बोलणं उचलून ह्यांनी रंगवलेला, ज्याला बघून तुम्ही पहिल्या रांगेतून उठून गेलात, तोच.

हे घरी आले, जेवले नाहीत. तुमच्याबद्दल एवढंच म्हणाले, तो शाळेत रोज असाच उभा राहायचा गं.

चिटणीसांचा निरोप आला, झकास गंमत केलीत, पुढच्या बैठकीत तुम्हाला घेतोच. हे म्हणाले, हशावर आत जायचं नाही मला.

भाऊजी, मी थकले आहे, भांडण कुणाचं किती ते आता मांडत नाही. येत्या रविवारी हे तुमच्याकडे यायला निघणार आहेत. तुमच्या दारात ह्यांची जीभ पुन्हा अडेल. ती नक्कल नसेल, हे तुम्हाला आधी ठाऊक असावं, म्हणून लिहिलं. दार लावू नका. त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबा.

तुमचीच,
वहिनी