आईंचा लेप

३ फेब्रुवारी, मंगळवार

माकडहाडावर लाल डाग. सकाळी सासूबाईंचं अंग पुसताना दिसला. बोटानं दाबून पाहिलं तरी लाली हटेना. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या तेव्हापासून पाठीवर साधा ओरखडा येऊ दिला नव्हता, आणि आता हे.

दवाखान्याच्या सिस्टर दुपारी येऊन बघून गेल्या. "कातडी अजून अखंड आहे, ती अखंडच राहायला हवी. जखम होऊन खोल गेली तर घरी नाही जमणार, ॲडमिट करावं लागेल." पांढऱ्या मलमाच्या ट्यूब दिल्या. दर दोन तासांनी कूस बदलायची. आणि लाल जागा चोळायची नाही – हे दोनदा बजावलं.

ॲडमिट म्हटल्यावर आईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. सासरे दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत, ते त्यांच्या मनातून जात नाही. "मला या खोलीतून हलवायचं नाही," एवढंच म्हणाल्या. आवाज इतका बारीक की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

ते पाणी सुकायच्या आत ट्यूब जमिनीवर. "हे केमिकल माझ्या अंगाला लावायचं नाही. माझा लेप कर."

४ फेब्रुवारी, बुधवार

आईंचा लेप! या घरात त्याच्यापुढे डॉक्टर फिका. वाळवलेल्या संत्र्याच्या सालींची पूड, साय, मध, थोडा लिंबाचा रस. ऐंशी वर्षांच्या बाईचा चेहरा आजही गोरापान, नितळ. एके काळी गल्लीतल्या बायका वाट्या घेऊन दारात उभ्या राहायच्या.

लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मलाही काचेची बरणी भरून दिली होती. "रोज लाव. महिन्याभरात उजळशील." मी काही फार काळी नाही, पण या घरात काळीच. पहिल्याच दिवशी तोंडाची आग आग झाली. मग रोज सकाळी चमचाभर लेप गॅलरीतल्या गुलाबाच्या कुंडीत आणि मी तोंड धुऊन हजर. मी काही उजळले नाही. गुलाब मात्र वाळला. सगळ्यांना वाटलं कीड लागली.

कितीतरी वर्षं आई मला खिडकीशी उभी करून तोंड निरखायच्या आणि सुस्कारा सोडायच्या. "लेपात खोट नाही गं. मुळातच रंग तसा, त्याला कोण काय करणार."

आणि आता त्यांची गोरी पाठ माझ्या काळ्या हातात. हसू येतं, पण हसायलाही त्राण लागतं.

५ फेब्रुवारी

कूस. दुकानाच्या पडद्यांची शिलाई. कूस. स्वयंपाक. कूस. केस विंचरायचे राहिले.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पडद्यांच्या दुकानदाराने दोन पडदे परत पाठवले. रेशमाचे धागे ओढले गेलेत म्हणे. गेलेच असणार. सारखं धुऊन धुऊन माझ्या बोटांना भेगा पडल्यात, कापडात अडकतात. "बाई, हातांची जरा काळजी घ्या," म्हणाला. घेते की. वेळ मिळाला की पहिलं तेच करते.

आईही आज पाठ पुसताना म्हणाल्या, "काय हात आहेत की किसणी?"

मलम झोपेत असताना लावते. जाग आली की ओरडतात.

८ फेब्रुवारी, रविवार

कूस बदलून लिहायला बसले.

नणंद आली होती. इतके दिवस फोनवरून चालू होतं – वहिनी हे लाव, वहिनी ते लाव, व्हिडिओत अमुक सांगितलंय. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? आज स्वतः आली म्हणून मला बरंच वाटलं. आईंपाशी तिला बसवून पडदे द्यायला दुकानात गेले.

परत आले तर जिन्यातच संत्र्याचा वास. धावत वर आले. आई कुशीवर, नणंदेच्या हातात वाटी, आणि त्या लाल डागावर ती लेप चोळतेय. सालींची खरबरीत पूड – भांडं घासावं तशी! "चोळल्यानं रक्त फिरतं वहिनी." मी पुसून बघितलं. वरची कातडी निघाली होती. आई डोळे मिटून गप्प, चादरीचं टोक मुठीत.

ओरडले. या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओरडले. नणंद रडायला लागली. "माझी आई आहे ती, मी काय तिचं वाईट करीन?" नाहीच करणार. साली तिनं स्वतः वाळवून, कुटून, डब्यात भरून आणल्या होत्या. मायेनंच केलं सगळं. म्हणून तर बोलायची सोय नाही.

हे दारात उभे राहून म्हणाले, "आता भांडू नका." झालं यांचं काम.

९ फेब्रुवारी, सोमवार

सिस्टरना बोलावलं. जखम वरवरची आहे म्हणाल्या. मिठाच्या पाण्यानं पुसायची, मलमाचा जाड थर लावून वर पट्टी, त्या जागेवर भार नाही. "पुढच्या सोमवारी बघते. वाढली असेल तर गाडी बोलवावी लागेल."

संध्याकाळी मलम घेऊन गेले तर माझा हात झटकला. अंगात एवढा जोर येतो कुठून? "लेपच लाव. नाहीतर काहीच लावू नको." सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही.

स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला डोकं टेकलं. गेल्या तर दवाखान्यात मीच पाठवल्या म्हणतील. राहिल्या तर माझी पाठ मोडणार. तरी त्या जाऊ नयेत असंच वाटतंय. का, ते नाही सांगता येत.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ती जुनी काचेची बरणी माळ्यावरून काढली. उकळत्या पाण्यानं धुतली. तीन ट्यूब त्यात पिळल्या. वासासाठी त्यांच्या उशाशी बसून संत्रं सोललं.

"लेप केलाय, आई."

बरणी ओळखली त्यांनी. मान हलवली. गपचूप लावून घेतलं!

१३ फेब्रुवारी

रोज संत्रं सोलते. घरात आता कोणी संत्र्याकडे बघत नाही, हेसुद्धा नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सिस्टर आल्या. त्यांनी पट्टी काढली, वाकून पाहिलं. कडा मिटत आल्यात. गाडी नको.

"काय लावता आजी?"

"माझा लेप," आई ऐटीत.

मी सिस्टरना आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं. त्यांनी गालातल्या गालात हसून म्हटलं, "चांगला आहे. चालू ठेवा."

१९ फेब्रुवारी

नणंदेचा फोन. फोन आईंच्या कानाला मीच धरून उभी. "अगं, तुझ्या वहिनीला पटलं एकदाचं. नैसर्गिक ते नैसर्गिक." पलीकडून आनंदाचा चीत्कार मलाही ऐकू आला. हात अवघडला म्हणून फोन दुसऱ्या हातात घेतला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

जखम भरली. कोवळी गुलाबी कातडी आली, बाळाच्या टाचेसारखी. आई खोलीतच राहणार. बाथरूममध्ये नळ सोडून रडले. आनंदानं की कंटाळ्यानं, देव जाणे.

नणंदेनं सगळ्या नातेवाइकांना कळवलंय – आईच्या लेपानं चमत्कार केला. दोन मावश्यांनी कृती मागितली. कूस कोण बदलत होतं, ते कोणी विचारलं नाही. हे म्हणाले, "तुला कशाला हवंय श्रेय?" कशाला म्हणजे? हवंय.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी कूस बदलताना आईंनी माझा हात धरला. बोटं उलटी करून खिडकीच्या उजेडात धरली, पूर्वी तोंड बघायच्या तशी. "बरणी दे," म्हणाल्या. दिली. त्यांनी दोन बोटं बुडवली आणि माझ्या भेगांना मलम लावायला लागल्या. हळूहळू, न चोळता.

"झोंबत नाही ना?"

नाही म्हटलं.

"मलाही नाही झोंबलं. तेव्हाच कळलं. माझा लेप उघड्या कातडीला लागला की काय होतं, ते त्या रविवारी बघितलं मी. लेकीसमोर बोलवेना."

म्हटलं, आई, मग इतके दिवस मला काही बोलला कसं नाहीत?

"गुलाब कशानं वाळला, ते मी बोलले का कधी?"

मग म्हणाल्या, दुसरा हात आण.