‘फक्त’ म्हणेल त्याने भांडी घासावीत

सोमवार, ३ जून
आजपासून रोजनिशी. हॉस्पिटलातून सुटलो तो घरी न जाता थेट इथे. दारू सोडलेल्या पुरुषांचं घर. आठ माणसं, चार खोल्या, एक बाथरूम. मी फक्त हवापालट म्हणून आलोय. बाकीचे बेवडे आहेत. आठवड्याभरात निघेन. घर चालवणारा पूर्वी ट्रक चालवायचा. त्याला सगळे उस्ताद म्हणतात आणि तो सगळ्यांना मालक म्हणतो. रोज संध्याकाळी एका यंत्रात फुंकून दाखवायचं. प्यायलेला असला की ते कोकलतं. त्याचं नाव फुंकणी. मी लिफ्ट कंपनीत सुपरवायझर होतो, माझ्या सहीवर माणसं वर-खाली जायची. आणि आता फुंका म्हणे.

मंगळवार, ४ जून
सकाळी सभा असते. मी उभं राहून सांगितलं, मी फक्त रविवारी घ्यायचो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बरं वाटलं. मग कळलं, इथे ‘फक्त’ या शब्दाला बंदी आहे. जो म्हणेल त्याने त्या दिवशीची सगळ्यांची भांडी घासायची. उस्ताद म्हणाला, इथला प्रत्येक जण याच शब्दाचं बोट धरून आत आलाय, मालक. काय हा पोरकटपणा! भांडी घासली. संकल्प : तो शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही. रोजनिशीत चालेल. इथे कोण बघतंय?

गुरुवार, ६ जून
काल ‘केवळ’ म्हणालो. भांडी. आज ‘नुसतं’ टाळलं, मुद्दाम ‘एकच पेग’ म्हणालो. तर माझ्या खोलीतला मास्तर उठला. जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलंय त्याने, मध्येमध्ये शुद्धीत असताना. म्हणाला, शब्दाच्या शेपटीला ‘च’ लावला काय नि अलीकडे ‘फक्त’ लावला काय, एकाच माळेचे मणी. समजावण्याच्या भरात तो स्वतः दोनदा ‘फक्त’ म्हणाला, म्हणून दोघांनाही शिक्षा. मी घासली, त्याने विसळली. विसळतानाही व्याकरण चालू होतं. डोकं उठलं.

रविवार, ९ जून
लेकीचा फोन. शनिवारी येतेय. तोवर फुंकणी गप्प राहिली तर मला सोबत घेऊन जाणार. मागची खोली रिकामी केलीय, पलंग टाकलाय, खिडकीला पडदासुद्धा लावलाय. तिची आई गेल्यापासून इतकं नीट बोलली नव्हती माझ्याशी. तिला भांड्यांची गंमत सांगितली. खूप हसली. म्हणाली, बाबा, हा नियम आपल्या घरी कधीच लावायला हवा होता. मीही हसलो. मला आनंद व्हायला हवा. होईल. गोळ्यांमुळे सगळं जरा बधिर आहे.

मंगळवार, ११ जून
तयारी जोरात. निळा शर्ट इस्त्रीला दिला. बॅग भरली, उगाच शेवटी धावपळ नको. लेकीसमोर बोलायचं भाषण लिहून मास्तराला तपासायला दिलं. त्याने सगळे फक्त, केवळ, नुसते, एवढे-तेवढे आणि शेपटीचे ‘च’ काढून टाकले. दोन वाक्यं उरली. मी पीत होतो. आता पीत नाही. मी म्हणालो, हे फार उघडंबोडकं वाटतं हो. तो म्हणाला, पुरे आहे. पाठ करतोय. सोपं आहे.

शुक्रवार, १४ जून, दुपार
केस कापायला बाहेर पडलो. लेकीला बाप जरा माणसात आल्यासारखा दिसायला हवा. सलूनच्या भिंतीला भिंत लावून बार आहे, हा काय माझा दोष? सलूनमध्ये ही गर्दी! या वयात उभं तरी किती राहायचं? फक्त बसायला म्हणून शेजारी गेलो. फक्त सोडा मागवला. सोडा अगदीच बेचव होता.
केस कापायचे राहिले.

संध्याकाळ
फुंकणी बिघडली आहे. यंत्रांमधलं मला कळतं. उस्तादला तसं स्पष्ट सांगितलं. त्याने स्वतः फुंकून दाखवलं, मग मास्तराने फुंकलं. दोघांच्या वेळी गप्प. असा बिघाड लिफ्टमध्येही येतो, मेकॅनिक समोर असला की व्यवस्थित चालते. उस्ताद ओरडला नाही. म्हणाला, लेकीला तुम्ही सांगा, मालक, मी सांगणार नाही. मास्तर माझ्याकडे पाठ फिरवून झोपला. मला काही वाटलं नाही. जेवलो, पोटभर.

शनिवार, १५ जून
लेक आली. गाडीची डिकी आधीच उघडून ठेवली होती तिने, माझ्या बॅगेसाठी. म्हणाली, केस वाढलेत बाबा. आत आली. उस्तादने चहा दिला आणि बाहेर जाऊन बसला. मी भाषणाला सुरुवात केली. पहिलं वाक्य छान झालं. दुसऱ्यात ‘आता’पर्यंत आलो आणि पुढचं आठवेना. इतकं पाठ केलेलं, जिभेवर येईना. तिने विचारलं, आता काय बाबा?
मी म्हणालो, काल फक्त एकच घेतला.
एका वाक्यात दोन्ही. दारात उभ्या मास्तराने डोळे मिटले. ती रडली नाही, ओरडलीही नाही. तसं केलं असतं तर बोलायला काहीतरी सापडलं असतं. शांतपणे चहा संपवला, कप खाली ठेवला, उठली. म्हणाली, जा बाबा, भांडी घासा.
डिकी लावल्याचा आवाज आला.
भांडी घासली. मास्तर न सांगता विसळायला आला, आज व्याकरण काढलं नाही. तिचा कप शेवटी घेतला. तो घासायला मला बराच वेळ लागला. बॅग दाराशी आहे. उद्या आत घेईन.