पिवळ्या टाकीचा खांदा

अण्णा, स्वयंपाकघरात पाण्याच्या पिंपाशेजारी एक पिवळी टाकी उभी आहे आणि आई सकाळपासून तिकडं फिरकलेली नाही. "परत घरात आणलंस व्हय रे ते?" एवढंच म्हणाली आणि चहा शेजारणीकडं जाऊन प्याली. ही तुम्ही कारखान्यात भरायचात तसली ऑक्सिजनची नाही, समुद्रात बुडी मारताना पाठीवर बांधतात ती आहे, आत साधी हवा असते, असं किती समजावलं. तुम्ही काविळीनं गेलात, सिलिंडरनं नाही. पण बारा वर्षं झाली तरी सिलिंडर दिसला की तिला तुमचा कारखाना दिसतो. आज मलाही दिसतोय.

कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. सरांशी भांडलो, रागानं बॅग उचलली आणि परत गेलो नाही. त्याच वर्गात ती होती. तिच्या मामाची मालवणला बोट आहे, पर्यटकांना पाण्याखाली नेऊन मासे दाखवतात. सुट्टीत ती तिथं बुडी मारायला शिकली, आता स्वतः लोकांना खाली नेते. मी पंधरा दिवसांनी एसटीनं घाट उतरतो, धक्क्यावर बसून ती पाण्यातनं वर यायची वाट बघतो. मागं एका खेपेला मामा सगळ्यांदेखत म्हणाला, "रंकाळ्याच्या तळ्यात शिकलंस काय रे बुडूक?" बोटीवरचे हसले, ती पण हसली, आणि माझं टाळकं सरकलं. टाक्या कमी पडतायत ना तुम्हाला, दोन आणून देतो, नव्याच्या निम्म्यात, असं बोलून बसलो. "हाडून दाखय," मामा म्हणाला, "मगे बोटीर घेतंय तुका."

महिनाभर शोधलं. नव्या परवडत नाहीत. मोबाईलवर जुन्या दिसतात, फोन केला की कालच विकलेल्या असतात. शेवटी गडमुडशिंगीला एका भंगारवाल्याच्या शेडात दोन सापडल्या, ताज्या पिवळ्या रंगाच्या. "गोव्यासनं आल्यात, पावणं. बघत काय बसलाय, उचला की." टाकी दाब सोसते का त्याची टेस्ट कधीची, विचारलं. "रंगाखाली हाय की तारीख. खरवडा हवं तर. पर खरवडली की तुमची झाली." मी खरवडली नाही. एक टाकी काल मासळी उतरवून मालवणला परत निघालेल्या टेम्पोत घातली, कारण तिला कधी एकदा दाखवतो असं झालं होतं. पोचल्यावर तिचा फोन आला. "टेस्ट झालीय ना रे?" "झालीय की," म्हणालो.

आता ती खंडेनवमी डोळ्यांसमोरनं हलत नाही. मी आठ वर्षांचा आहे. कारखान्यात सगळे आपापली यंत्रं पुसून तेल घालतायत, म्हणून मीही तुमच्या सिलिंडरच्या चावीला समईतलं तेल चोळतोय, अगदी कौतुकानं. तुम्ही लांबनं बघता, पळत येता आणि कानाखाली वाजवता. मार आठवत नाही, तुमचा पांढराफटक पडलेला चेहरा आठवतो. मग मला बाहेर बाकावर बसवलंत. "तेल आणि ऑक्सिजन भेटलं की भडका उडतोय, लेकरा. हे यंत्र न्हाय. ह्याला भिऊनच ऱ्हायचं." आणि माझा हात धरून एका रिकाम्या सिलिंडरच्या मानेखाली, खांद्यावर ठेवलात, जिथं टेस्टची तारीख ठोकलेली असते. "ही नसंल तर भरायचा न्हाय. मालक सांगू दे न्हायतर मी सांगू दे."

आज जेवून उठलो आणि भाजीच्या सुरीनं रंग खरवडला. तारीख नाही. तारखेच्या जागी ग्राइंडरनं घासलेला चकचकीत पट्टा. ट्रकच्या टायरात असते त्याच्या कितीतरी पट हवा ह्यात दाबून भरतात, अण्णा. दुसरी टाकी मामाच्या पडवीत, कॉम्प्रेसरही तिथंच, आणि भरताना शेजारी उभी असते ती. फोन लावला. उचलला नाही. परत लावला. मी फरशीवरच बसलो. आई दारातनं बघत होती. सहाव्यांदा उचलला तेव्हा मागं कॉम्प्रेसर धडधडत होता.

"बंद कर ते!"

"काय? ऐकू येत नाही."

"मशीन बंद कर आणि लांब हो! लांब हो म्हणतोय ना!"

धडधड थांबली. मग ती म्हणाली, "अरे, ही आमची जुनी टाकी भरतेय. तुझी ह्याच्यानंतर लावणार होते."

मग तिनंच विचारलं, "पण टेस्ट झालीय म्हणालास ना?"

"भंगारवाल्यानं फसवलं गं मला. तारीख घासून टाकलीय."

"मामाला सांगते मी. बरं झालं वेळेवर कळलं तुला," ती म्हणाली. एवढं मायेनं ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती.

हा कागद पोस्टात टाकायचा नाही, तेव्हा तुम्हाला खरं लिहितो. शेडात भंगारवाला सुट्टे आणायला आत गेला, तेव्हा मी रंगावरनं दोन्ही टाक्यांच्या खांद्यावर अंगठा फिरवला होता. ठोकलेला आकडा रंगाखालीही बोटाला लागतो. मला काहीच लागलं नव्हतं.